उत्तरेकडे झुकलेलं वृंदावन

दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाने जुन्या शहरात हेरिटेज वॉक काढला, तेव्हा चिटणीस बाईंनी मला फोन करून आधीच विचारलं, "काकू, चालणं खूप आहे, झेपेल ना?" मी म्हटलं, बाई, ज्या गल्ल्यांतून मी कडेवर मूल आणि हातात रॉकेलचा डबा घेऊन चालले, तिथे आता मोकळ्या हाताने चालायला काय होतंय! त्या म्हणाल्या, "अच्छा, म्हणजे येताय. पाण्याची बाटली आपापली आणा." चिटणीस बाई मंत्रालयातून रिटायर झाल्यात. समोरच्याचं निम्मं वाक्य ऐकून त्यावर निर्णय द्यायची सवय सुटायला वेळ लागतो.

बेत असा होता, की सकाळी चांदनी चौकात गल्लीबोळांतून फिरायचं, मग बसने पानिपत, तिथे काला अंबला, म्हणजे लढाईच्या स्मारकाला, फुलं वाहायची आणि रात्री घरी. माझ्या गुडघ्यांचा भरवसा नाही म्हणून मुलगा नोएडाहून सोबत आला. मुलगा म्हणते, पण त्याला टक्कल पडलंय, शुगर आहे आणि पुढच्या वर्षी तोही रिटायर होणार.

मेट्रोच्या बाहेर सगळे जमलो. गाइड म्हणून एक मुलगी होती, हातमागाचा कुर्ता, गळ्यात छोटा स्पीकर, बोलणं गोड. ती म्हणाली, आज मसाला बाजार, अत्तरवाले, जिलबी, "और आप लोगों के लिए ख़ास, मराठों की छुपी हुई समाधि." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. चिटणीस बाईंना मी म्हटलं, "अहो, लग्नानंतर मी इथेच राहत होते. हा तर इथेच चालायला शिकला."

"हो का? छान! काकू, रांग नका मोडू."

बरं, चाललो. आता ज्या ठिकाणी आपण संसार केला तिथे तिकीट काढून फिरताना कसं वाटतं, हे ज्याने केलं त्यालाच कळेल. एका लाकडी छज्ज्याखाली गाइड थांबली आणि म्हणाली, इथून बेगमा मिरवणुका बघत असत. असतीलही. मी पाहिलं तेव्हा तिथून एका होमिओपॅथ डॉक्टरांची बायको खालच्या भाजीवाल्याशी भांडायची आणि भांडण जिंकलं की टोपली दोरीने खाली सोडायची. मी हे मुलाला सांगायला गेले, तर मागून कोणीतरी "श्श्" केलं.

आणि मग आम्ही आमच्याच गल्लीत वळलो. गल्लीचं नाव मी सांगणार नाही, का ते पुढे कळेलच. मोठं दार, त्या दारात छोटं दार, वाकून आत जायचं. माझी मान आपोआप वाकली. चिटणीस बाईंचं कपाळ आपटलं.

ही आमच्या घरमालकांची हवेली. हवेली म्हणजे पुढचा भाग त्यांचा. मागची एक खोली, तिच्यापुढचा ओटा आणि आंगणाचा एक कोपरा आमचा, साठच्या दशकातली सुरुवातीची चार-पाच वर्षं, सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत. आत शिरले आणि बघते तर काय, त्या कोपऱ्यात आमचं तुळशीवृंदावन! गळ्यात झेंडूची माळ, शेजारी भगवा झेंडा, भोवती दोरी.

"जूते यहाँ उतार दीजिए," गाइड हळू आवाजात म्हणाली. "हम समाधि के सामने हैं."

आता मला थोडं मागे जाऊन सांगायला हवं.

लग्न होऊन मी साताऱ्याहून दिल्लीला आले, ती डालड्याच्या डब्यात माहेरची तुळस घेऊन. मातीसकट. गाडीत दोन रात्री तो डबा मांडीवर. हे ऑफिसातले लोअर क्लार्क, त्यांना वाटलं बायकोने लाडू आणलेत. तुळस पाहून त्यांचा चेहरा जरा उतरला, पण माणूस भला. इकडच्या लोकांची तुळस कुंडीत असते, जमिनीवर, नळाशेजारी. मला ते बघवेना. मी वृंदावन वृंदावन करून त्यांचं डोकं खाल्लं. कोणाच्या तरी बांधकामातून उरलेलं अर्धं पोतं सिमेंट मिळवून, तेव्हा सिमेंटसुद्धा परमिटवर होतं बरं का, ह्यांनी रविवार-रविवार करत ते बांधलं. जन्मात कधी थापी धरलेली नव्हती. चार बाजूंना चार देवळ्या ठरल्या होत्या, तीनच जमल्या. एक बाजू खचली आणि सगळं वृंदावन एका अंगाला कललं. मी म्हटलं, "अहो, वाकडं झालंय." ते म्हणाले, "तुळस सरळच वाढते ना?" आणि गिलावा ओला असतानाच आमच्या चिरंजीवांनी, नुकतं पाऊल टाकायला लागलेलं ते ध्यान, चौथऱ्यावर एक पाय ठेवला. पाऊल उमटलं ते उमटलंच.

घरमालकीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुलसी मैया को इतनी ऊँची कुर्सी? हमारे यहाँ तो समधी को भी नहीं देते." समधी म्हणजे व्याही. पण तुळसच ती, मोडा म्हणायची सोय नव्हती.

त्यांची मुलगी म्हणजे जीजी. माझ्याहून थोडीशीच मोठी. आख्खी गल्ली तिला जीजी, म्हणजे ताई, म्हणे, तिची आईसुद्धा. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला ट्रंकेसकट आणून सोडलं होतं. घरात शुभकार्य निघालं की ती आपणहून खांबामागे जाऊन उभी राही. कोणी सांगायची गरज पडत नसे.

त्या कार्तिकात मी तुळशीचं लग्न लावलं. अख्खी गल्ली तमाशा बघायला. माझा बोटाएवढा बाळकृष्ण पाहून घरमालकीणबाई म्हणाल्या, "हाय, दूल्हा इतना छोटा?" ह्यांचा पंचा अंतरपाट म्हणून धरायचा, तर एक टोक ह्यांच्या हातात आणि दुसरं धरायला उंचीचं कोणी नाही. माझ्या हातात अक्षता. खांबामागे जीजी दिसली. मी ओरडले, "जीजी, इधर आओ, यह पकड़ो!" तिने आईकडे पाहिलं. आई वर आकाशाकडे बघत होत्या. जीजी आली आणि तिने टोक धरलं. मंगलाष्टकं संपेपर्यंत तिने ते सोडलं नाही. खरं सांगते, मी काही सुधारणा वगैरे करायला निघाले नव्हते. मला उंच बाई हवी होती. पण त्या दिवसापासून वृंदावनातला सांजेचा दिवा जीजीने घेतला. क्वार्टर मिळून आम्ही निघालो, तेव्हा ती म्हणाली, "भाभी, दिया मैं देखूँगी." तुळस दुसऱ्याच थंडीत माकडांनी उपटली, असं नंतर कळलं. मग हळूहळू जाणं-येणं, पत्रं, सगळंच थांबलं. दिल्लीत राहून दिल्लीतल्या माणसाला न भेटणं फार सोपं आहे.

तर आता गाइड सांगत होती. पानिपताच्या लढाईआधी मराठी फौज दिल्लीत मुक्कामाला होती. त्यातल्या एका सरदाराची ही समाधी. नाव इतिहासाला माहीत नाही. "आप देखिए, यह समाधि सीधी नहीं है. यह उत्तर की ओर झुकी है. पानिपत की दिशा में."

सगळ्यांच्या तोंडून "आहा" निघालं. मी ह्यांची आठवण काढली. जिवंत असते तर म्हणाले असते, बघ, म्हणत होतो ना.

"और यहाँ," गाइडचा आवाज आणखी हळू झाला, "एक नन्हे बच्चे का पाँव. कहते हैं, सरदार का बेटा, जो पिता की राह देखता रह गया."

चिटणीस बाईंनी डोळ्याला रुमाल लावला. बायका एकेक करून पुढे होऊन त्या पावलाला हात लावून कपाळाला लावू लागल्या. माझा मुलगा काय आहे ते बघायला वाकला, तशी चिटणीस बाई त्याच्यावर खेकसल्या, "अहो, जरा पाय मागे घ्या! पवित्र जागा आहे, कळत नाही का?"

त्याने मुकाट्याने पाय मागे घेतला. "सॉरी, मॅडम," म्हणाला. त्याला काय ठाऊक! दिल्लीत वाढलेला मुलगा, वृंदावन म्हटलं की त्याला मथुरेपलीकडचं गाव आठवतं.

मला हसू आवरेना. आता तोंड उघडते आणि सांगते, की बायांनो, तो नन्हा बच्चा हा इथे उभा आहे आणि त्याला जिलबी खायची बंदी आहे. मी घसा साफही केला. तेवढ्यात आतल्या दारातून एक वाकलेली म्हातारी बाहेर आली, पांढरी साडी, जाड भिंगाचा चष्मा. तिने आमच्या घोळक्यावरून नजर फिरवली, माझ्यावर आणली आणि तिथेच थांबवली.

"इन माताजी को चक्कर आ रहा है," ती मोठ्याने म्हणाली. "मैं पानी पिलाती हूँ." आणि मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"कोई चक्कर-वक्कर नहीं आ रहा मुझे!" मी म्हटलं.

"आ जाएगा," जीजी म्हणाली. "भाभी, तू इतनी मोटी कैसे हो गई?"

"आणि तू इतकी खोटारडी कधी झालीस?" मी मराठीत म्हटलं. तिला कळलं. शेजारी राहून शिव्या आधी येतात. मग आम्ही दोघी एकमेकींना धरून रडलो, आणि मग तिने घाईघाईने, दाराकडे लक्ष ठेवत, सगळं सांगितलं.

तिचे भाऊ गेले, घर भाच्यांकडे आलं. भाच्यांची लेहेंग्यांची दुकानं. त्यांना आंगणावर पत्रा टाकून गोदाम करायचं होतं. जीजीची खोली नेमकी त्याच्या तोंडाशी. आत्याला म्हणाले, "बुआ, गाज़ियाबाद में फ़्लैट ले देंगे, पंद्रहवीं मंज़िल, लिफ़्ट है." तिने आयुष्यात लिफ्टमध्ये पाय ठेवलेला नाही. ती नाही म्हणत राहिली आणि ते मोजमाप घेत राहिले. एक दिवस मोजणारा माणूस टेप लावून उभा असताना, दार उघडं पाहून एक पुण्याचे गृहस्थ आत आले. त्यांनी वृंदावन पाहिलं, देवळीतला दिवा पाहिला आणि जीजीला विचारलं, हे कुणाचं? ती म्हणाली, मराठे भाडेकरूंचं, तुळशीचं. पण ते ऐकतच नव्हते. आमच्याकडे समाधीवरच असं वृंदावन बांधतात, म्हणाले, ही समाधीच. पायातले बूट काढून त्यांनी तिथे साष्टांग नमस्कार घातला. मोजणारा माणूस घाबरून टेप गुंडाळून निघून गेला. समाधीवर गोदाम कोण बांधेल?

"मैंने कहा था कि तुलसी का है," जीजी म्हणाली. "एक बार कहा, दो बार कहा. वह रोने लगा. रोते आदमी को कोई कितनी बार टोके?"

त्यानंतर ते गृहस्थ आणखी चार जणांना घेऊन आले, ते चौघे आणखी कुणाला, आणि मग ही गाइड मुलगी. आणि जीजीने मग "नाही" म्हणायचं सोडून दिलं. भाच्यांना अजून पुरतं पटलेलं नव्हतं. थोरला तेव्हाही बाहेर जिन्यावर उभा होता, मोबाइल हातात, कान इकडे.

"तू बोल देगी तो कल टीन पड़ जाएगी," जीजी म्हणाली. "बोल, तेरी चीज़ है. मैं रोकूँगी नहीं."

ह्याला म्हणतात अडवणूक. रोखणार नाही म्हणून रोखायचं.

आम्ही बाहेर आलो, तर तिथे वेगळंच चाललेलं. गाझियाबादहून आलेले एक निवृत्त इंजिनिअर चष्मा कपाळावर चढवून वृंदावनाला किल्लीने ठोकून बघत होते. आयुष्यभर सरकारी इमारती बांधलेला माणूस. ते म्हणाले, "माफ करा, पण मला सांगायलाच हवं. हे सिमेंट आहे. पानिपताच्या काळात हे सिमेंट नव्हतं. चुना असता. ही समाधी-बिमाधी काही नाही."

गाइडचा चेहरा पांढरा पडला. चिटणीस बाई म्हणाल्या, "अहो, श्रद्धेचा प्रश्न आहे!"

"श्रद्धेवर पाणी मारून क्युरिंग करावं लागत नाही, सिमेंटवर करावं लागतं," इंजिनिअर म्हणाले. "आणि इथे ते कुणी केलेलंच नाही. अगदी नवशिक्याचं काम."

जिन्यावरचा भाचा दोन पायऱ्या खाली आला. जीजीने पदराचं टोक तोंडात धरलं. माझ्या मनात काय आलं सांगू? आधी राग आला, ह्यांच्या कामाला नवशिक्याचं म्हणाला म्हणून.

"सिमेंट आमचं आहे," मी म्हटलं.

सगळे वळले. चिटणीस बाईंनीसुद्धा पहिल्यांदा माझं वाक्य पूर्ण ऐकलं असावं.

"म्हणजे?" इंजिनिअर.

"म्हणजे आम्ही इथे भाड्याने राहत होतो. हा गिलावा माझ्या मिस्टरांनी केला. रविवारी, ऑफिस नसताना. त्यांना येत नव्हतं, पण मनापासून केला."

"आणि हे पाऊल?"

"ह्याचं," मी मुलाकडे बोट दाखवलं. "ओल्या गिलाव्यावर उभा राहिला होता. धपाटासुद्धा खाल्ला होता त्याबद्दल."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळेच हसू लागले. ज्या बायकांनी पावलाला हात लावून कपाळाला लावला होता, त्या माझ्या मुलाच्या मोज्यांकडे बघत होत्या. चिटणीस बाई त्याला म्हणाल्या, "तुम्ही आधी बोलायचं नाही का?" तो बिचारा म्हणाला, "मॅडम, मला आत्ता कळतंय."

पण इंजिनिअर हसत नव्हते. त्यांना आता पुरतं शोधून काढायचं होतं. "गिलावा तुमचा, ठीक. आत काय आहे?"

जीजी माझ्याकडे बघत होती. जिन्यावरचा भाचाही.

"आत माती आहे," मी म्हटलं. "साताऱ्याची."

"साताऱ्याची?" इंजिनिअर एकदम हळू बोलले. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"हाताने चाळली आहे ना मी. ती माती मी कुठेही ओळखेन."

बस्स. मी एक अक्षरही खोटं बोलले नाही. देवापुढे शपथ घ्यायला तयार आहे. पण समोरच्या माणसांच्या चेहऱ्यावर जे पसरत गेलं ते मी पाहिलं आणि गप्प बसले. इंजिनिअरांनी चष्मा खाली घेतला, पुसला. मग स्वतःशीच हिशेब केल्यासारखे म्हणाले, "म्हणजे मूळ वास्तू जुनी असणार. आत साताऱ्याची माती. वरचा गिलावा साठच्या दशकातला. दुरुस्ती. होय, असं होऊ शकतं. अनेक ठिकाणी होतं." आणि खाली वाकून त्यांनी नमस्कार केला. "वहिनी, तुमच्या मिस्टरांनी चांगलं काम केलं. टेक्निक चुकलं, पण हेतू चांगला."

आता नवशिका हा शब्द त्याने जवळजवळ मागे घेतलाच होता, तर मी कशाला ताणू?

मंडळातली सर्वांत वयस्कर म्हणून फुलं वाहायचा मान मला दिला गेला. मी माझ्याच तुळशीवृंदावनाला मराठी सरदार म्हणून फुलं वाहिली. चिटणीस बाईंनी फोटो काढला. फोटोत माझे डोळे पाणावलेले दिसतात. ते ह्यांच्यासाठी होतं, पण मंडळाच्या वार्षिक अंकात खाली छापलंय, "इतिहासाने गहिवरलेल्या आमच्या ज्येष्ठ सदस्या."

पानिपतच्या वाटेवर बसमध्ये मुलाने विचारलं, "आई, पण खाली खरंच कोणी आहे का?"

"आहे ना. अर्धं पोतं सिमेंट आणि माझा डालड्याचा डबा. बाबांनी तुळस डब्यासकटच पुरली होती, काढायचा कंटाळा म्हणून."

काला अंबला आम्ही सगळ्यांनी खरी फुलं वाहिली. तिथे जे गेले त्यांच्यावर कोणी वृंदावन बांधलं असेल असं वाटत नाही.

हे आता लिहायला हरकत नाही, कारण पत्रा पडला नाही. माती साताऱ्याची आहे हे ऐकून थोरल्या भाच्याच्या डोक्यात प्रकाश पडला. गोदामाचा बेत रद्द झाला. पुढच्या खोल्यांत त्याने पाहुण्यांसाठी राहायची सोय केली आणि चहा-पोह्यांचं दुकान टाकलं. पोहे भयंकर करतात, त्यात टोमॅटो घालतात. दारात घोड्यावरच्या सरदाराचा पुठ्ठ्याचा पुतळा. जीजीची खोली आहे तिथेच आहे, उलट तिला तिथे कूलर लावून दिलाय, कारण पुण्याचे पाहुणे बुआला भेटल्याशिवाय जात नाहीत. आणि भिंतीवर एक पाटी लावलीय, की साठच्या दशकात एका मराठी कुटुंबाने समाधीची डागडुजी केली. स्वतः बांधलेल्या वस्तूची डागडुजी करणारे म्हणून आम्ही इतिहासात गेलो. ह्यांना वर कळलं तर म्हणतील, निदान बढती तरी मिळाली.

मी हे छापून आणलं तरी काही बिघडणार नाही, असं मला जीजीनेच सांगितलं. "छपवा दे, भाभी. कोई मानेगा नहीं."

मागच्या कार्तिकात मी तिला म्हटलं, आता सगळं ठीक झालंय, तर वर पुन्हा तुळस लाव. फोनवर तिने सुस्कारा सोडला. गाइडने मनाई केली होती. समाधीत रोप लावलं तर मुळांनी वास्तूला धोका पोचतो म्हणे.

"तो मैंने बगल में गमले में लगा ली," जीजी म्हणाली. "नल के पास, ज़मीन पर. तेरे पुणेवाले पूछते हैं, यह किसकी है? मैं कहती हूँ, यह मेरी है."